वारा आणि प्रवाह दोन्ही ईशान्येचे

बुधवार, ४ तारीख
जहाजावरून, धक्क्याला

आई,

सोमवारी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. ०६.०० : मी नेहमीचं निरीक्षण पाठवलं. वारा ईशान्येकडून, २२ नॉट. प्रवाह नैऋत्येकडे, दीड नॉट. दोघं एकाच दिशेने चाललेले, त्यामुळे लाट एक मीटर, मऊ.

२. ०६.३८ : किनाऱ्यावरून पत्रक क्रमांक ४१७ आलं. वाळूच्या पट्ट्याजवळच्या कामासाठी, आठ ते अकरा या वेळेचा अंदाज. पत्रक तयार करणारी : तू.

३. पत्रकाची सारांश ओळ : "वारा आणि प्रवाह दोन्ही ईशान्येचे. लाट त्यानुसार."

४. ०७.२० : कप्तानाने वर सुकाणूपाशी, ब्रिजवर, पत्रक मोठ्याने वाचलं. मी हजर होते.

५. ०७.५५ : तरंगता बोया उचलून आणण्यासाठी होडी खाली सोडली. होडीत तिघं. सारंग आणि दोन खलाशी.

६. ०८.१५ च्या सुमारास : प्रवाह फिरला. ईशान्येकडे, दोन नॉट. म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर.

७. ०८.२६ : मी होडी परत बोलवायला सांगितलं. लाट अडीच मीटर, उभी, फुटणारी.

८. ०८.३१ : होडी जहाजाच्या कुशीवर आपटली. सारंगाचा उजवा हात मध्ये सापडला.

९. १४.१० : धक्क्याला लागलो. रुग्णवाहिका उभी होती.

१०. काल, मंगळवारी, मी पत्रक ४१७ ची कार्यालयाच्या नोंदीतली प्रत काढली. तिच्यात सारांश ओळ अशी आहे : "वारा ईशान्येकडून, प्रवाह ईशान्येकडे. परस्परविरोधी. लाट उभी."

११. सोमवारी ब्रिजवर छापून आलेली प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात ओळ मुद्दा ३ प्रमाणे आहे.

नोंदीतली प्रत बदलायचा अधिकार फक्त मुख्य टेबलाला असतो. मुख्य टेबल म्हणजे तू. अपघातानंतर तू ओळ बदललीस का, एवढंच मला विचारायचं आहे.

कागदावर लिहिते आहे, कारण ईमेल कार्यालयाच्या नोंदीत जाते आणि नोंदींचं काय होतं ते मुद्दा १० मध्ये आलंच आहे. फोन तू उचलत नाहीस. अकरा महिन्यांत मी तीनदा केला.

सारंग म्हणजे आमच्या डेकवरच्या माणसांचा मुकादम. तू त्याला कधी पाहिलेलं नाहीस. तो सव्वीस वर्षं होड्या चालवतो. डॉक्टरांनी मनगट वाचवलं. तीन बोटं नाही वाचवता आली.

अपघाताची बातमी कार्यालयात पोचली तेव्हा तू आधी काय विचारलंस, ते मला तिथल्याच एकाने सांगितलं. तू विचारलंस, "पत्रक कितवं होतं?" जहाजावर कोणाला लागलं, हे तू नंतर विचारलंस. पाच-सहा मिनिटांनी, असं तो म्हणाला. मी त्याला नक्की किती मिनिटं ते विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

— निरीक्षण अधिकारी


शनिवार, ७ तारीख
निरीक्षण खोली

विभागप्रमुख बाई,

तुमचं उत्तर मिळालं. कार्यालयाच्या कागदावर, टाइप केलेलं, तीन ओळी. "आपल्या दि. ४ च्या पत्रास अनुसरून : नोंदीतील प्रत हीच अधिकृत प्रत होय. जहाजावरील प्रतीत छपाईच्या दोषामुळे तफावत असू शकते." खाली सही, सहीखाली हुद्दा. मी पत्र आईला लिहिलं होतं. उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्या नावाने मायना बदलला आहे.

छपाईचा दोष. शाई संपली की अक्षर पुसट होतं. कागद अडकला की ओळ तिरकी येते. "ईशान्येकडून" आणि "ईशान्येकडे" हे दोन शब्द गिळून त्याजागी "दोन्ही ईशान्येचे" असं नीटनेटकं वाक्य छापायला यंत्राला व्याकरण यावं लागतं. आमच्या यंत्राला साधा अर्धा र येत नाही.

चौकशी समितीत तिघं आहेत. एक वकील, एक इंजिनिअर आणि एक निवृत्त कप्तान. वकिलाला हे समजावून सांगावं लागणार, म्हणून मी मनात जुळवणी करत होते. आणि सारखी तुझीच वाक्यं तोंडात येत होती, याचा मला राग आला.

मी अकरा वर्षांची होते. शाळा सुटली की घरी कोणी नसायचं, बाबा सायकलींच्या दुकानात, म्हणून मी तुझ्या प्रशिक्षण वर्गात मागच्या बाकावर गृहपाठ करत बसायची. नवीन मुलांना तू फळ्यावर दोन बाण काढून दाखवायचीस. "वारा कुठून आला ते सांगायचं. प्रवाह कुठे चालला ते सांगायचं. वाऱ्याला माहेरचं नाव, प्रवाहाला सासरचं. हे उलटं केलंत तर माणसं बुडतील आणि तुम्ही कोरडे राहाल." एका आगाऊ मुलाने विचारलं होतं, "आणि बाई, तुम्ही कुठल्या?" तू म्हणालीस, "मी टेबलाची. ना आले कुठून, ना जायचंय कुठे." सगळा वर्ग हसला. मीही हसले. मला वाटायचं, माझ्या आईसारखं कोणी बोलूच शकत नाही.

त्याच तासाला तू दुसरा नियम सांगायचीस. चा, ची, चे हे प्रत्यय समुद्रावर बंद. 'ईशान्येचा वारा' म्हटलं तर चालून जातं, कारण वाऱ्याचं माहेर सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'ईशान्येचा प्रवाह' म्हटलं की ऐकणारा गोंधळतो : तिकडून आला की तिकडे चालला? म्हणून कडून आणि कडे. "ज्याला एवढे दोन शब्द जड होतात त्याने सायकलीचं दुकान काढावं." हे तू घरीही म्हणायचीस, आणि बाबा जेवता जेवता म्हणायचे, "दुकानात निदान चाक कुठल्या बाजूला फिरतंय ते दिसतं तरी."

त्याच तू लिहिलंस, "वारा आणि प्रवाह दोन्ही ईशान्येचे."

तुझ्या डोक्यात ते बरोबर होतं, मला माहीत आहे. वारा ईशान्येकडून येणार, प्रवाह ईशान्येकडे जाणार, दोघं समोरासमोर भिडणार, लाट उभी राहणार. "लाट त्यानुसार." तुला वाटलं, झालं सांगून. सारांश एका ओळीत बसवायचा असतो आणि कप्तान पत्रक वाचत नाहीत, नुसती नजर टाकतात, हे तुझं नेहमीचं म्हणणं. पण ती ओळ साध्या माणसाने वाचली तर तिचा एकच अर्थ होतो : दोघं तिकडूनच येताहेत, आत्तासारखेच, बरोबर. त्या वाळूच्या पट्ट्याजवळ प्रवाह भरती-ओहोटीच्या तक्त्याला जुमानत नाही, म्हणून तर आम्ही पत्रकाची वाट पाहतो. नाहीतर आम्हाला तुमची गरज काय?

चूक झाली. चूक मी समजू शकते. मी स्वतः अकरा महिन्यांपूर्वी वादळ येणार म्हणून काम दीड दिवस थांबवायला लावलं आणि वादळ आलं नाही. त्यावर तू सगळ्या जहाजांना परिपत्रक काढलंस : "जहाजावरील निरीक्षकांनी पत्रकात स्वतःची भर घालू नये. शंका असल्यास किनाऱ्याकडे लिहावे. भित्र्या अंदाजाने काम बुडते." नाव घातलं नव्हतंस. घालायची गरजच नव्हती. जेवणघरातल्या फळ्यावर ते लागलं तेव्हा सगळ्यांनी आधी ते वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी 'छत्री'. कप्तान नुसतं छत्री म्हणतो, सारंग छत्रीताई. "काय छत्रीताई, आज उघडायची का मिटायची?" रोज सकाळी, न चुकता. तो चांगल्या मनाने म्हणतो. मला रोज झोंबतं.

तर चूक समजू शकते. मला समजत नाही ते नंतरचं.

आज प्राथमिक अहवाल आला. परिच्छेद ६ उतरवून देते, तुला तो नवीन नसणार. "पत्रकात प्रवाहाची दिशा व लाटेचे स्वरूप स्पष्ट नमूद होते. असे असताना होडीच्या चालकाने होडी जहाजाच्या चुकीच्या बाजूस आणली. चालकाचा होडी चालवण्याचा परवाना रद्द करण्याची शिफारस." चालक म्हणजे सारंग. तुझी एक ओळ झाकण्यासाठी आता त्याची सव्वीस वर्षं चुकीची ठरणार आहेत. तो ज्या बाजूला आला ती बाजू बरोबर होती. वारा आणि प्रवाह एकाच दिशेने असते तर. म्हणजे त्याला जे वाचून दाखवलं, ते खरं असतं तर.

माझी छापील प्रत मी अजून कोणाला दिलेली नाही.

— जहाजावरील निरीक्षक (भर न घालणारी)


मंगळवार, १० तारीख
निरीक्षण खोली. बाराचं निरीक्षण झालं, तीनचं व्हायचंय. धक्क्याला बांधलेल्या जहाजावरही ते करावं लागतं.

आई,

बाबांचा फोन आला होता. त्यांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. जेवतेस का, झोपतेस का, बुटांचे तळवे झिजले असतील. मग म्हणाले, "तिने तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. टोपली मीच रिकामी करतो ना, मला दिसतं."

मी म्हटलं, "जोडून वाचली नाहीत?"

"मी पंक्चर काढतो गं. मायलेकींची पत्रं नाही जोडत." मग म्हणाले, "तुम्ही दोघी एकदा तरी हवामान सोडून कशावर बोला. लोक उलटं करतात. बोलायला काही नसलं की हवामानावर बोलतात."

मला हसू आलं, आणि त्यांनी तेवढ्यात निरोप सांगून टाकला. तुझा. शब्दशः सांगतो म्हणाले, कारण तू त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतंस. "तिला विचारा, कप्तानाने पत्रक वाचलं तेव्हा ती काय बोलली? ती नुसती हजर नसते. मी तिची आई आहे. ती काहीतरी बोललेली असणार."

मी फोन ठेवला. बाबांवर ठेवला, याचं वाईट वाटलं. त्यांना सांग.

तुला काय अधिकार आहे हे विचारायचा? कागद बदलणारी तू, आणि उलटतपासणी माझी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. तू एकतीस वर्षं समुद्राचा अंदाज सांगतेस आणि तुला साधी बोट लागते. खाडी ओलांडायला वीस मिनिटं लागायची, तेवढ्यात तू दोनदा ओकायचीस आणि मी तुझी पर्स धरून उभी असायची. खिडकी नसलेल्या खोलीत बसून तुला दोन मीटर आणि अडीच मीटर यांतला फरक आकड्यात कळतो. अडीच मीटरची लाट फुटताना आधी एक क्षण काहीच ऐकू येत नाही, ते तुला माहीत नाही.

हे लिहून झालं. आता ते खोडत नाही, पण खालचंही लिहिते, कारण तेही खरं आहे. तू जहाजावर गेली नाहीस ती बोट लागते म्हणून नाही. तीनदा अर्ज केलास आणि तीनदा उत्तर आलं की बाईमाणसासाठी स्वतंत्र खोलीची सोय नाही. ती तीन उत्तरं तू कपाटात साड्यांखाली ठेवली आहेस. मी पाहिली आहेत. मला ही जागा मिळाली तेव्हा तू अभिनंदन केलं नाहीस. म्हणालीस, "जा. समुद्र बघून ये. मग कळेल, आकड्यांतच तो जास्त सरळ दिसतो." मला वाटलं, तू मला पाण्यात पाहतेस. आज वाटतं, तू फक्त पाण्याकडे पाहत होतीस. पण त्याने परिच्छेद ६ बदलत नाही.

काल सारंगाला भेटून आले. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, दाराजवळची खाट. त्याच्या बायकोने मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. तो डाव्या हाताने पलंगाच्या दांडीला दोरीची गाठ मारत होता. सुटत होती, परत मारत होता.

"या छत्रीताई. बघा, साठ वर्षांच्या म्हातारीसारखी गाठ येतेय."

बायको म्हणाली, "यांना सांगा जरा. नर्स ओरडते, दोरी आणली कुठून म्हणून."

"दोरी नाही, माझ्या पायजम्याची नाडी आहे. सरकारी मालमत्ता नाही." मग त्याने अहवाल वाचलात का असं मला विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मी चुकीच्या बाजूने आलो म्हणतात. ताई, मी सोळाव्या वर्षापासून पाण्यावर आहे. प्रवाह फिरलाय हे मला होडीच्या बुडाला कळलं, पण तोवर जहाज माझ्या अंगावर येत होतं. मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्या बाजूला गेलोच नसतो. पत्रकात सांगितलं होतं म्हणतात. मला कसं नाही कळलं? मी तर दारात उभा राहून ऐकत होतो. हातमोजे घालत होतो." आणि मग, माझ्याकडे न बघता : "वय झालं असेल. कान गेले असतील."

तो आता स्वतःच्या कानांवर संशय घेतोय, आई. हे तुझ्या एका दुरुस्तीने केलंय.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणं मला बंधनकारक नाही.


गुरुवार, १२ तारीख
निरीक्षण खोली

आई,

पहिल्या पत्रातला मुद्दा ४ अपुरा आहे. पूर्ण असा :

०७.२० ला ब्रिजवर कप्तान, सुकाणूवरचा माणूस आणि मी होतो. सारंग दारात. कप्तानाने ओळ मोठ्याने वाचली. मला ती वाचता क्षणी कळली होती. ०६.३८ लाच कळली होती, यंत्रातून कागद बाहेर येत असतानाच. मी गेल्या चोवीस तासांचे आकडे जोडून पाहिले होते आणि प्रवाह आठ-सव्वाआठच्या आसपास फिरणार हे मला दिसत होतं. तुझी ओळ माझ्या आकड्यांशी पूर्ण जुळत होती. फक्त ती तुला आणि मलाच वाचता येत होती. त्या जहाजावर दुसऱ्या कोणाला नाही.

कप्तान म्हणाला, "दोन्ही ईशान्येचे. म्हणजे आत्ता आहे तसंच ना, छत्री?"

मी म्हणाले, "पत्रकात जे आहे ते आहे, सर. मी भर घालत नाही."

तो हसला. म्हणाला, "शहाणी झालीस. मग मिटलेलीच बरी." सारंगही हसला. हातमोजे ओढत खाली गेला.

हे मी का बोलले ते लिहिते. मला परिपत्रक आठवलं असं सांगता येईल. नियम माझ्या बाजूने आहे असंही सांगता येईल, आणि समितीतला वकील ते मानेलसुद्धा. ते खरं नाही. मला वाटलं, काम सुरू होईल, लाट उभी राहील, होडीतली माणसं चिंब भिजतील, काम अर्ध्यावर सोडावं लागेल, आणि कप्तान चिडून किनाऱ्याला तक्रार लिहील. तुझ्याविरुद्ध. तुझ्या टेबलावर तुझ्या नावाची तक्रार यावी, आणि तिच्यात तूच बंद केलेला प्रत्यय असावा, एवढंच मला हवं होतं. फार नव्हतं. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. पंचावन्न मिनिटं. मी बॅरोमीटर वाचला, समुद्राच्या पाण्याचं तापमान घेतलं, ढगांची नोंद केली. सगळ्या नोंदी अचूक आहेत. त्या सकाळच्या माझ्या नोंदींत एकही चूक सापडणार नाही.

०८.१५ ला पाणी बदलताना मी पाहिलं. तरीही अकरा मिनिटं थांबले. पहिली पाच मिनिटं मी तुझ्यावर खूश होते. पुढच्या सहा मिनिटांचं मला काही सांगता येत नाही.

काल दुपारी हे सगळं सारंगाला सांगितलं. तुला कळवण्याआधी त्याला सांगणं भाग होतं. मी 'ईशान्येचे' पासून सुरुवात केली, वारा, प्रवाह, माहेर, सासर. त्याने मध्येच डावा हात वर केला. "ते राहू द्या. कप्तानाने विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"नक्की?"

"हो."

त्याची बायको मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

तो म्हणाला, "नुसतं 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो, ताई?" त्याने परत विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणाले, "एक सेकंद." तो म्हणाला, "मग माझे कान ठीक आहेत तर." आणि बायकोला म्हणाला, "यांना जाऊ दे." ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. मला वाटलं, काही बोलेल, शिव्या देईल. तिने माझी राहिलेली पिशवी माझ्या हातात दिली आणि परत गेली.

आता तुझ्याबद्दल.

बाबांच्या तोंडून आलेला तुझा प्रश्न मी दोन दिवस उलटसुलट करून पाहिला. एका बाजूने तो आईचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूने तो सौदा आहे : तू माझं झाक, मी तुझं झाकते, अळीमिळी गुपचिळी, आणि निस्तरायला सारंग आहेच. यांतलं तुझ्या मनात काय होतं ते मला ओळखता आलं नाही. तू मला नेहमी म्हणायचीस की माझा अंदाज भित्रा असतो. म्हणून या वेळी अंदाज करत नाही. सौदा असेल तर तो मला मान्य नाही. सौदा नसेल तर मी माफी मागते, या वाक्यापुरती.

मला तुझा अजून राग आहे. कमी झालेला नाही. एकतीस वर्षांत तू एकही आकडा कधी मागाहून सुधारला नाहीस. दुसऱ्याने सुधारला तर त्याला तू वर्गाबाहेर काढायचीस. आणि सोमवारी, माणसाचा हात चिरडल्याचं कळल्यावर, तू टेबलाशी बसून दोन शब्द बदललेस. चुकीच्या ओळीने होडी पाण्यात गेली, त्यात माझाही वाटा आहे. बरोबर केलेल्या ओळीने सारंग दोषी ठरला. तो वाटा एकट्या तुझा. त्यात मला ओढू नकोस.

मंगळवारी, १७ तारखेला सकाळी दहा वाजता चौकशी आहे. मी तिथे दोन कागद देणार आहे. एक, पत्रक ४१७ ची छापील प्रत. दोन, माझं सही केलेलं निवेदन, वर लिहिलंय तेच, मिनिटांसकट. दुसऱ्या कागदामुळे माझी ही जागा जाईल. पहिल्या कागदामुळे तुझं टेबल जाईल. हे थांबवण्यासाठी लिहीत नाही. ते ठरलं आहे.

फरक एवढाच पडू शकतो की पहिला कागद कोणी द्यायचा. तू स्वतः समितीला लिहिलंस की मूळ ओळ अशी होती, ती संदिग्ध होती आणि मी ती नंतर बदलली, तर परिच्छेद ६ त्याच दिवशी गळेल. सारंगाला साक्षीला उभं राहून आपले कान आणि आपला हात सिद्ध करत बसावं लागणार नाही. मी कागद दिला तर तुमचे वकील तो खोटा म्हणतील, छपाईचा दोष म्हणतील, मुलीचा आईवर राग आहे म्हणतील. तो आहेच. मग चौकशी महिनोन्‌महिने चालेल आणि तेवढे दिवस त्याचा परवाना त्यांच्या कपाटात राहील.

तेव्हा तू समितीला लिहिणार आहेस की नाही, ते मला कळव. कारणं नकोत. हो किंवा नाही, आणि खाली तुझी सही, हुद्द्याशिवाय. कागद बाबांकडे दे, ते इकडे येणाऱ्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतील. सोमवार, १६ तारखेला, दुपारी बारा वाजेपर्यंत मला तुझं उत्तर हवं आहे.